कोपऱ्यातली सही

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात कॉलेज रोडवर हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. बंगालच्या उपसागरात वादळ उठले की साऱ्या तामिळनाडूचे कान या कचेरीकडे लागतात. तिच्या आवारात ग्रॅनाइटचा एक खांब उभा आहे. उंची पंधरा फूट, वजन दहा टन. ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ मध्ये येथे वेधशाळा बांधली, तेव्हा आकाशाचे वेध घेणारे उपकरण जराही हलू नये म्हणून तो रोवला गेला. पुढे वेधशाळेचे काम १८९९ मध्ये कोडाईकनालच्या डोंगरावर गेले. जुनी इमारतही काळाच्या ओघात नाहीशी झाली. खांब मात्र राहिला आणि त्यावर कोरलेले एक नावही राहिले: मायकेल टॉपिंग, वास्तुकार.

दगडावर नाव राहण्याचे भाग्य वास्तुकारांच्या वाट्याला फार क्वचित येते. आपण राहतो त्या इमारतीचा बिल्डर कोण, हे सोसायटीतल्या लहान पोरालाही ठाऊक असते. गच्ची गळू लागली की त्याच्या नावाने बोटेही मोडली जातात. पण खिडकी पूर्वेला असावी, जिन्यात दिवसा दिवा लावावा लागू नये, स्वयंपाकघरातून दाराशी आलेला माणूस दिसावा, हे ज्याने ठरवले त्याचे नाव सहसा कोणालाच सांगता येत नाही. चित्रकाराचे तसे नाही. चित्र वीतभर असो की भिंतभर, खालच्या कोपऱ्यात त्याची सही असते. साधले तर श्रेय त्याचे, फसले तर दोषही त्याचाच.

इमारत कधीच एकट्याची नसते. मालकाचा पैसा, नगरपालिकेचे नियम, कंत्राटदाराची घाई, गवंड्याचा हात आणि सिमेंटचा भाव या सगळ्यांतून वाट काढीत मूळ कल्पनेतले जेवढे शिल्लक राहील तेवढे विटांत उतरते. तीस-पस्तीस वर्षे अशा तडजोडी केलेल्या माणसाला एक दिवस वाटू लागते, की एक तरी गोष्ट अशी करावी जिला दुसऱ्या कोणाची मंजुरी लागणार नाही. घरे बांधण्यात आयुष्य घालवलेली माणसे पुढे कुंचल्याकडे वळतात, त्यामागे ही ओढ बरेचदा असते. ड्रॉइंग बोर्डाची सवय असते, हाताला रेघेचे वळण असते, डोळ्याला प्रमाण कळते. मग अडचण कुठे येते? वळणे सोपे असते, टिकणे कठीण. जे टिकले त्यांनी काय केले, हे पाहण्यासाठी दोन माणसांची आयुष्ये पुरेशी आहेत. एक याच चेन्नईतला, दुसरा थेट स्कॉटलंडमधला.

दिवसा नोकरी, संध्याकाळी रंग

केरळात पालक्काड जिल्ह्यात भारतप्पुळा नदीच्या काठी कूडल्लूर नावाचे गाव आहे. मल्याळी साहित्यातले थोर नाव एम. टी. वासुदेवन नायर याच गावचे. त्याच गावात १९४५ मध्ये अच्युतन यांचा जन्म झाला. गावाचे नाव त्यांनी आपल्या नावापुढे लावले आणि पुढे अच्युतन कूडल्लूर या नावानेच ते देशभर ओळखले गेले. शिक्षणाने ते स्थापत्य अभियंता, म्हणजे सिव्हिल इंजिनियर. १९६०च्या दशकात ते मद्रासला आले आणि सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले.

ते मद्रास कसे होते? माउंट रोडवर चौदा मजल्यांची आयुर्विमा महामंडळाची इमारत १९५९ मध्ये पूर्ण झाली होती. त्या काळी देशातल्या सर्वांत उंच इमारतींत तिची गणना होई आणि ती बघायला माणसे गावोगावाहून येत. ते काम तडीस नेणारे वास्तुविशारद एल. एम. चितळे हे मराठी गृहस्थ होते, ही आपल्याकडे फारशी माहीत नसलेली गोष्ट. नुंगंबाक्कमसारख्या भागात जुने, प्रशस्त बागबंगले होते. पुढल्या काळात त्यांतले अनेक पडले आणि त्यांच्या जागी फ्लॅटच्या इमारती आल्या. अशा वाढत्या शहरात इंजिनियरला कामाची ददात नव्हती. पेन्शनची सरकारी नोकरी, मानाचा हुद्दा. मध्यमवर्गीय घरात याहून अधिक काय मागतात?

अच्युतन यांना मात्र आणखी काहीतरी हवे होते. आरंभी ते मल्याळममध्ये कथा लिहीत. मग त्यांना चित्रांनी ओढले. पूनमल्ली हाय रोडवर सरकारी कला महाविद्यालय आहे. डॉक्टर अलेक्झांडर हंटर यांनी १८५० मध्ये सुरू केलेली ही संस्था देशातल्या सर्वांत जुन्या कलाशाळांपैकी एक. देवीप्रसाद रॉयचौधरी आणि त्यांच्यानंतर के. सी. एस. पणिक्कर असे मोठे कलावंत तिच्या प्राचार्यपदी होते. पणिक्करांच्याच पुढाकाराने १९६६ मध्ये शहराबाहेर समुद्रकाठी चोलमंडल हे कलावंतांचे गाव वसले. कला महाविद्यालयाच्या आवारात संध्याकाळी ‘मद्रास आर्ट क्लब’ भरे. दिवसभर नोकरीधंदा करणाऱ्यांनी संध्याकाळी यावे, कागद लावावा आणि काम करावे. अच्युतन तेथे जाऊ लागले. कलेची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. त्यांची सारी शाळा ही एवढीच, संध्याकाळची.

यातली अडचण ज्यांनी नोकरी करून काही शिकले आहे त्यांनाच कळेल. जी माणसे दिवसा हुद्द्याने ओळखली जातात, त्यांना संध्याकाळी कोणीच ओळखत नाही. कचेरीत आपल्या सहीवाचून कागद पुढे सरकत नाही आणि येथे शेजारी बसलेल्या विशीतल्या पोराचा हात आपल्यापेक्षा सरस चालतो. अनेक जण याच ठिकाणी परत फिरतात. अपमान कोणी करीत नाही, पण आपणच आपल्याला लहान वाटू लागतो. जो हे लहानपण पत्करतो तोच पुढे जातो.

दुसरी अडचण त्याहून खोल आहे. इंजिनियरच्या कागदावरची प्रत्येक रेघ कशाची तरी जबाबदारी घेते. ही रेघ म्हणजे नऊ इंचांची भिंत, ती रेघ म्हणजे तुळई. चुकली तर तडा जाईल, माणसे दगावतील. असे शिक्षण झालेला हात चित्र काढायला बसला की आधी पट्टी शोधतो. अच्युतन यांच्या सुरुवातीच्या चित्रांत माणसे होती, शहरात होणारी त्यांची घुसमट होती. हळूहळू त्या आकृती विरत गेल्या आणि उरला तो निव्वळ रंग. लाल, निळा, पिवळा, एकमेकांत मिसळणारे, एकमेकांना ढकलणारे. ज्याने व्यवसायात मापाशिवाय रेघ ओढली नसेल, त्याने चित्रात माप पार सोडून दिले.

‘हे काय काढले आहे?’ असा प्रश्न अमूर्त चित्रासमोर आपल्याकडे हटकून विचारला जातो. पण सनईचे सूर ऐकताना ‘याचा अर्थ काय?’ असे आपण विचारत नाही. तसेच हेही. रंगच येथे सुरांचे काम करतो. जाणकारांनी ते ओळखले. १९८२ मध्ये तामिळनाडूच्या ललित कला अकादमीचा आणि १९८८ मध्ये दिल्लीच्या ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार अच्युतन यांना मिळाला. संध्याकाळच्या वर्गातला विद्यार्थी दक्षिणेतल्या अमूर्त चित्रकारांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसला. १८ जुलै २०२२ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले.

धंदाच उठला तेव्हा

अच्युतन यांच्या हाती पगार होता, वयही होते. पण ज्याचा मूळ व्यवसायच हातचा गेला आणि पन्नाशी उलटली, त्याने काय करावे? याचे उत्तर शोधायला ग्लासगोच्या चार्ल्स रेनी मॅकिंटॉशकडे जावे लागते.

मॅकिंटॉश हे नाव परके वाटले तरी त्याची एक वस्तू पुष्कळांनी पाहिलेली असते: शिडीसारख्या उंच पाठीची, काळी, सडपातळ खुर्ची. तिच्या नकला जगभरच्या फर्निचरच्या दुकानांत विकल्या गेल्या. १८६८ मध्ये पोलीस खात्यातल्या एका कारकुनाच्या घरी त्याचा जन्म झाला. घरात अकरा भावंडे. सोळाव्या वर्षी तो एका वास्तुकाराकडे उमेदवारीला लागला आणि संध्याकाळी ग्लासगोच्या कलाशाळेत शिकायला जाऊ लागला. म्हणजे येथेही संध्याकाळचाच वर्ग. पुढे त्याच कलाशाळेच्या नव्या इमारतीचा आराखडा त्याने केला. १८९७ ते १९०९ या काळात दोन टप्प्यांत ती इमारत उभी राहिली आणि आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात जाऊन बसली. १९०० मध्ये मार्गारेट मॅकडोनाल्ड या चित्रकर्तीशी त्याचा विवाह झाला. त्याने घरे बांधावीत आणि तिने त्यांच्या भिंती सजवाव्यात, असा दोघांचा जोडसंसार होता.

मग दिवस फिरले. नवी कामे येईनात. स्वभाव हट्टी आणि मद्याचीही सवय. १९१३ मध्ये त्याने भागीदारी सोडली. पुढल्या वर्षी दोघे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वॉल्बर्सविक या खेड्यात जाऊन राहिले. तेथे तो रोज फुलांची चित्रे काढी. महायुद्ध सुरू झाले तेव्हा किनाऱ्यावर एकटाच हिंडणारा हा परका माणूस आणि त्याच्याकडे सापडलेली जर्मन-ऑस्ट्रियन मित्रांची पत्रे यांमुळे लोकांनी त्याला हेर ठरवले. ते गाव सोडावे लागले. लंडनमध्ये काही वर्षे काढली. एका गृहस्थाचे घर नव्याने सजवून दिले, पण मोठे काम असे हाती आले नाहीच.

त्या फुलांच्या चित्रांतली एक गोष्ट मोठी हृद्य आहे. कोपऱ्यातल्या चौकटीत सही असते ती दोघांच्या आद्याक्षरांची. चित्र त्याने काढले, पण शेजारी ती बसलेली असे, म्हणून तिचेही नाव. इमारतींवर ज्याला स्वतःचे नाव लिहिता आले नाही, त्याला पहिल्यांदा सही करायला मिळाली तेव्हा त्याने ती वाटून घेतली.

१९२३ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, नवराबायको फ्रान्सच्या दक्षिणेला गेली. तेथे राहणे स्वस्त होते, ऊन भरपूर होते. पोर-व्हांद्र या छोट्या बंदरगावात एका साध्या हॉटेलात त्यांनी बिऱ्हाड केले. मॅकिंटॉशने वास्तुकला मागे ठेवली आणि जलरंग घेऊन रोज बाहेर पडू लागला. डोंगरावरचा किल्ला, उतरणीवरची घरे, बंदरातल्या पाण्यात पडलेली त्यांची प्रतिबिंबे, समुद्रकाठचे खडक. चार वर्षांत चाळीसच्या वर चित्रे झाली. हा आकडा लहान वाटेल, पण तो फार सावकाश काम करी. चित्राचा कोपरा न् कोपरा विचार करून भरे. ही चित्रे पाहिली की ती घरे बांधणाऱ्याच्या हातची आहेत हे लगेच कळते. खडक जणू कोणी रचून ठेवले आहेत, छपरे एकमेकांच्या आधाराने उभी आहेत. माणूस मात्र जवळपास कुठेच नाही. मालक नाही, भाडेकरू नाही, समितीही नाही.

१९२७च्या उन्हाळ्यात मार्गारेट औषधोपचारासाठी काही आठवडे लंडनला गेली. तेव्हा त्याने तिला जवळजवळ रोज पत्रे लिहिली. आज चित्र कुठवर आले, हवा कशी होती, जेवायला काय होते, तिच्यावाचून किती सुने वाटते. या माणसाला त्या वेळी जगाने विसरून टाकले होते, तरी पत्रांत भर असतो तो उद्याच्या कामावर. प्रदर्शन भरवता येईल इतकी चित्रे जमवायची, असा त्याचा मनसुबा होता. तो पुरा झाला नाही. त्याच वर्षी जिभेला कर्करोग झाल्याचे निघाले. लंडनला परतून १० डिसेंबर १९२८ रोजी तो गेला. मार्गारेट १९३३ मध्ये वारली. त्यांच्या घरातल्या साऱ्या सामानाची, चित्रांसकट, किंमत सरकारी मोजदादीत अठ्ठ्याऐंशी पौंडांच्या आसपास भरली. तीच चित्रे आज मोठमोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. त्याची ती लाडकी कलाशाळा मात्र २०१४ आणि २०१८ अशा दोन आगींत जळाली. दगडी इमारत जळाली आणि कागद टिकले. दैवाचा न्याय असाही असतो.

घरातल्या खिडकीजवळ

एकाने स्वतः वाट निवडली, दुसऱ्याला परिस्थितीने तिच्यावर ढकलले. एकाला हयातीत मान मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही. तरी दोघांच्या वागण्यात एक साम्य आहे. दोघांनीही चित्राकडे फावल्या वेळचा विरंगुळा म्हणून पाहिले नाही. इंजिनियर ज्या नियमाने कचेरीत जाई त्याच नियमाने संध्याकाळी वर्गात बसे. वास्तुकार ज्या शिस्तीने आराखडे करी त्याच शिस्तीने रंगांची पेटी घेऊन किनाऱ्यावर जाई. जुन्या व्यवसायातून दोघांनी बरोबर नेली ती कामाची सवय. हुद्दा, पट्टी आणि आपण जाणते आहोत हा भाव त्यांनी दारातच ठेवला.

आपल्याकडे निवृत्तीचा दिवस जवळ आला की घरात तोच एक प्रश्न निघतो: ‘आता वेळ कसा घालवणार?’ प्रश्नातच वेळ ‘घालवण्याची’ गोष्ट आहे. मग कोणी रंगांची पेटी भेट देते. पहिले दोन महिने उत्साह असतो. गणपती, बंगला, नारळाची झाडे काढून होतात. एक चित्र फ्रेम करून दिवाणखान्यात लागते. पाहुणे वाहवा करतात. त्यानंतर पेटी माळ्यावर जाते. कौतुक लवकर मिळाले की शिकणे थांबते, हे लहान मुलांइतकेच साठीतल्या माणसालाही लागू आहे.

त्यापेक्षा आठवड्यातले दोन दिवस जवळच्या वर्गात जाऊन पोरांबरोबर खाली मान घालून बसावे. मोठ्या शहरांतच काय, आता तालुक्याच्या गावीही हौशी मंडळींसाठी असे वर्ग असतात. पहिल्या वर्षी एकही चित्र फ्रेम करू नये. रोजची एक वेळ ठरवावी आणि घरच्यांनी ती औषधाच्या वेळेसारखी पाळू द्यावी. त्या तासात बिले भरायला, भाजी आणायला किंवा नातवाला शाळेतून आणायला पाठवू नये. नवऱ्याने बायकोसाठी आणि बायकोने नवऱ्यासाठी एवढे केले तरी पुष्कळ झाले. मार्गारेट शेजारी बसे, याहून निराळी मदत ती कुठली करीत होती?

ज्यांनी आयुष्यभर नकाशे काढले त्यांच्यापाशी तर एक ठेवा आधीच असतो. आता कॉम्प्युटर आला. तरुण वास्तुकाराच्या हाताला पेन्सिलीची सवय राहिलेली नाही. मात्र आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीने टी-स्क्वेअर आणि शाईच्या पेनाने रात्री जागवल्या आहेत. तो हात अजून शाबूत आहे. त्याला फक्त एवढे सांगायचे आहे, की या रेघेवर आता कोणाचे छप्पर उभे राहायचे नाही. ती थोडी वाकडी गेली तरी चालेल.

रवींद्रनाथ ठाकूर साठी ओलांडल्यावर चित्रांकडे वळले आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. एवढे मोठे उदाहरण सगळ्यांना पेलणारे नाही आणि त्याची गरजही नाही. प्रदर्शन भरो वा न भरो, अकादमीचा पुरस्कार मिळो वा न मिळो. नुंगंबाक्कमच्या त्या खांबावर एका वास्तुकाराचे नाव सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ उन्हापावसात उभे आहे. तेवढे टिकणे कोणाच्याही हातात नसते. पण सकाळच्या उजेडात, खिडकीजवळच्या टेबलावर एक कागद पुरा करावा, तो नीट वाळू द्यावा आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपले नाव लिहावे, एवढे मात्र प्रत्येकाच्या हातात असते.